बालवाडीपूर्वीचे शौचशिक्षण

पाडवा उलटला की कोल्हापुरातील ज्या घरांत अडीच-तीन वर्षांचे मूल असते, त्या घरांत बालवाडीची बोलणी सुरू होतात. राजारामपुरीतली बरी की शाहूपुरीतली, मराठी माध्यम की इंग्रजी, मुलास रिक्षाने धाडावे की आजोबांनी पोहोचवावे, यांवर पुष्कळ खल होतो. अर्ज भरतेवेळी मात्र शाळेतल्या बाई सहज विचारतात, "शू-शी सांगतो ना?" आणि आई गडबडून जाते. त्या दिवसापासून घरात घाईचे राज्य सुरू होते. जूनच्या आत हे जमलेच पाहिजे, अशा निश्चयाने दर अर्ध्या तासाला मुलाला उचलून मोरीत नेले जाते. चड्डी ओली झाली की पाठीत धपाटा बसतो. आणि पंधरवड्याच्या आतच ते मूल मोरीचे नाव काढताच पलंगाखाली दडू लागते.

अशा वेळी घरातील आजी एक आठवण हटकून सांगते. तिच्या वेळी वर्षाची मुले लंगोटावाचून हिंडत असत आणि घर कोरडे राही! ही अतिशयोक्ती नव्हे. शुक्रवार पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत मूल मान धरू लागल्यावर घरातील जाणती बाई पाय पसरून बसे, दोन्ही पावलांवर मुलाला टेकवी, आणि तोंडाने 'शू-शू' असा आवाज काढी. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यावर, झोपेतून जागे झाल्यावर, असा नेम ठरलेला असे. मुलाचे गुडघे वर येत, पाठीला आधार मिळे, आणि काम सुलभ होई. जगात इतरत्रही असे घडते. पूर्व आफ्रिकेतील दिगो जमातीच्या माता पाच-सहा महिन्यांच्या बालकांना अशाच रीतीने सवय लावतात, हे १९७७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखात सविस्तर नोंदलेले आहे.

परंतु या पद्धतीत शिकते कोण, हे पाहिले पाहिजे. मुलाच्या चेहऱ्यावरची छटा ओळखावयाची, वेळ साधावयाची, त्याला उचलावयाचे, धुवावयाचे, हे सारे आजी करते. मुलाला आवाजाची व बैठकीची सवय होते हे खरे, आणि ती सवय चांगलीच आहे; पण आजीवाचून ते मूल काही करू शकत नाही. बालवाडीत आजी नसते. तेथे मुलाला स्वतःच्या पोटातली हालचाल स्वतः ओळखावी लागते, ती परक्या बाईला सांगावी लागते, आणि जागेवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते. या दोन गोष्टींतील अंतर घरात कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि सर्व गोंधळ तेथूनच उद्भवतो.

तान्ह्या मुलाचे मूत्राशय भरले की ते आपोआप रिकामे होते. त्यात मुलाच्या इच्छेचा भाग जवळजवळ नसतो. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंची कडी असतात. त्यांपैकी बाहेरचे कडे इच्छेनुसार आवळता येते. पण त्यासाठी मेंदू, मज्जारज्जू आणि मूत्राशय यांच्यामधील मज्जातंतूंची घडण पुरी व्हावी लागते. ही घडण साधारणतः दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान पुरी होत जाते, कोणाची आधी, कोणाची नंतर. धाक घालून ती लवकर होत नाही. दात धाकाने लवकर येत नाहीत, तसेच हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझेल्टन यांनी १,१७० मुलांची निरीक्षणे १९६२ साली प्रसिद्ध केली. मुलाची तयारी पाहून, सक्ती न करता शिकविलेली ही मुले दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरीने २८ महिन्यांच्या सुमारास. सरासरी म्हणजे पुष्कळशी मुले त्याहून उशिरा, हे विसरता कामा नये. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२० साली शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी तीन वर्षे पूर्ण, अशी मर्यादा ठरविली. त्या हिशेबाने डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये शाळेच्या दारात उभे राहते, तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचे असते. त्याच्याशेजारी जानेवारीत जन्मलेले जवळजवळ साडेतीन वर्षांचे! दोघांकडून एकाच तऱ्हेची अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे.

मुलाची तयारी झाली किंवा नाही, हे ओळखणे अवघड नाही. लंगोट दोन-दोन तास कोरडा राहतो; शी लागली की मूल खेळ टाकून दाराआड जाऊन उभे राहते; ओले झाल्याचे त्याला खपत नाही; "चप्पल घाल आणि ये" अशी दुहेरी सांगितलेली गोष्ट ते करते; उकिडवे बसून हात न टेकता उठते. दाराआड जाणाऱ्या मुलाला पुष्कळदा लबाड म्हणून रागे भरतात. वस्तुतः पोटातली जाणीव त्याला कळू लागल्याची ती उत्तम खूण होय. कागदी डायपरमध्ये दिवसभर असलेल्या मुलास ओलेपणाच कळत नाही, म्हणून दिवसा घरात तरी तो काढून ठेवावा. प्रवासात तो वापरला म्हणून काही बिघडत नाही.

आरंभ करण्यास कोल्हापुरात चैत्र-वैशाखासारखे दिवस नाहीत. अंगावर कपडे थोडे असतात, फरशी पुसली की वाळते, धुतलेल्या चड्ड्या तासाभरात कडकडीत होतात. मृग लागला की येथील पावसाची झड आठ-आठ दिवस उघडत नाही. दोरीवरचे कपडे आंबूस वासाचे होतात, गारठ्याने लघवीचे प्रमाण वाढते, आणि आईचा संयम त्याच सुमारास संपतो. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर दोन महिने हाताशी राहतात. मूल तयार नसेल तर मात्र तीन आठवडे हे काम निमूटपणे बाजूस ठेवावे व पुन्हा हाती घ्यावे.

यानंतर जागेचा प्रश्न. जुन्या घरांत शौचकूप परसात, अंधारा, आणि पायठे मोठ्या माणसाच्या मापाचे; लहान मुलाने पाय फाकून उभे राहावे तर मध्ये भोक 'आ' वासून असते. आपण यात पडू, ही मुलाची भीती हास्यास्पद नव्हे. त्याच्या उंचीवरून पाहिल्यास ती रास्त आहे. सदनिकांतील कमोड दुसऱ्या टोकाचा: त्यावर बसले की पाय लोंबकळतात आणि पोटाला जोर लावता येत नाही. पहिले काही महिने जमिनीवर ठेवावयाचे लहान भांडे सर्वांत सोयीचे. पुढे कमोडवर बसवावयाचे तर लहान कडे लावावे व पायांखाली चौकी द्यावी. जेवणाचा पाट यासाठी काढू नये. आजीचा रोष ओढवेल आणि तो योग्यच असेल. शाळेत कोणत्या पद्धतीची व्यवस्था आहे हे आधी जाऊन पाहून यावे, मुलालाही दाखवावे. घरी कमोडची सवय झालेले मूल शाळेतील देशी बैठकीपाशी येऊन रडत उभे राहते, आणि बाईंना वाटते की याला काही शिकविलेलेच नाही. सुटीत कागलला किंवा गडहिंग्लजला आजोळी गेल्यावर दुसऱ्या तऱ्हेचा सराव आपोआप होतो.

मुलाला जे करावयाचे असते ते एक काम नसून दहा-बारा लहान कामांची साखळी असते: जाणणे, सांगणे, चालत जाणे, चड्डी उतरविणे, बसणे, उठणे, पाणी ओतणे, चड्डी चढविणे, हात धुणे. यांतील एखादा दुवा निसटला तरी सबंध काम फसते. बालशिक्षणाच्या इतिहासात ही दृष्टी महत्त्वाची ठरली आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत बटणे, बंद व नाड्या लावण्या-सोडण्यासाठी लाकडी चौकटी असतात, त्या याचसाठी. स्वतःचे कपडे स्वतः सोडता येणे हे त्यांच्या मते शिक्षणच होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले व पुढे ताराबाई मोडक त्या कार्यात सामील झाल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले, तेव्हा वस्तीच्या अंगणातच शाळा भरविली. तेथे मुलांचे हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे यांना अक्षरांच्या आधीचे स्थान होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते अक्षर शिकण्याच्या वयाच्या मुलांसाठी. त्याआधीच्या वयाचे शिक्षण मोरीत आणि ओसरीवर चालते, हे या मंडळींनी लोकांच्या गळी उतरविले.

घरी याचा उपयोग सोपा आहे. बटणे, पट्टा व घट्ट नाडी यांना वर्षभर रजा द्यावी आणि सैल रबराची चड्डी घालावी. चड्डी खाली करण्याचा खेळ मुलाला घाई नसताना शिकवावा. शी लागलेली असताना नव्हे. शब्दही सर्वांना कळणारा असावा. कित्येक घरांत लाडाने काहीतरी निराळेच नाव पडलेले असते. ते बाईंना उमजत नाही आणि मूल तेच पुनःपुन्हा सांगत शेवटी बसल्या जागी ओले होते. करंगळी वर करण्याची शालेय पद्धत अडीच वर्षांच्या मुलाकडून अपेक्षू नये. मुलींना धुताना व पुसताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे मलातील जंतू मूत्रमार्गापर्यंत पोहोचत नाहीत. स्वच्छ धुणे तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही. ते मोठ्यांनीच करावे, मात्र साबणाने हात धुण्याचे काम त्याचेच ठेवावे. आणि धुण्यास मदत कोण करील, आई, बाबा, आजी, शाळेतील अमुक बाई, हे मुलाला नावानिशी सांगून ठेवावे; इतर कोणास तो अधिकार नाही हेही सांगावे.

लघवीपेक्षा शौचाचा प्रश्न नाजूक आहे. एकदा कडक शौच होऊन दुखले की मूल ती रोखून धरते. रोखलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते. तो आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी अधिकच दुखते. हे चक्र सुरू झाले की मूल पायांची कात्री करून, चवड्यांवर उभे राहून लाल होते. घरच्यांना वाटते ते जोर करीत आहे. ते खरोखर रोखीत असते. कित्येकदा साठलेल्या कडक मलाच्या बाजूने पातळ शौच झिरपून चड्डी डागाळते आणि मुलाला जुलाब झाले असे समजून उलटे औषध दिले जाते! कोल्हापूरला दुधाचे कौतुक मोठे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची परंपराच आहे. परंतु दिवसभर दुधाच्या बाटलीवर पोट भरणारे मूल भाकरी खात नाही, पालेभाजी खात नाही, आणि त्याचा कोठा जड होतो. दूध बेताचे द्यावे. जोंधळ्याची भाकरी वरणात कुस्करून, पपई, पेरू, भाज्या व पुरेसे पाणी द्यावे. दर आठवड्यास एरंडेल पाजण्याची जुनी रीत आणि साबणाची कांडी, दोन्ही सोडून द्याव्यात. दोन आठवड्यांहून अधिक मलावरोध राहिला, किंवा शौचावाटे रक्त दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. कोठा मऊ झाल्यावाचून शौचशिक्षण पुढे सरकतच नाही.

बसविण्याची वेळही निसर्गाने ठरवून दिली आहे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्यास चालना मिळते. म्हणून न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी मुलाला भांड्यावर बसवावे, चार-पाच मिनिटे, त्याहून अधिक नव्हे. शाळा सकाळची असेल तर न्याहारी तेवढी आधी हवी, पर्यायाने मुलाचे उठणे व आदल्या रात्रीचे झोपणेही. झाले तर ठीक, न झाले तर "बरं, मग पुन्हा बसू" एवढेच म्हणून उठवावे. नाक मुरडून "ई, घाण!" म्हणण्याची सवय घरातील सर्वांनी सोडावी. जे आपल्या अंगातून निघाले ते घाण, तर आपणही घाण, असा मुलाचा समज होतो. चुलत भावंडाचे दाखले देणे व पाहुण्यांसमोर ओल्या चड्डीची गोष्ट सांगणे, यांनी मूल सुधारत नाही. ते केवळ लपविण्यास शिकते.

शाळांनीही थोडे घेतले पाहिजे. ठराविक वेळांनी सर्व मुलांना नेऊन आणणे, दाराची कडी मुलाच्या हाती न लागेल अशी ठेवणे, प्रकाश व पाणी असणे, यांस फार खर्च येत नाही. ज्या शाळेत विचारण्याची भीती वाटते तेथे मुले सकाळभर लघवी रोखतात, पाणी पिण्याचेही टाळतात, आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवू शकतात. केवळ चड्डी ओली होते म्हणून प्रवेश नाकारणारी शाळा मुलाच्या वयाची ओळख नसलेली शाळा होय, असे म्हणावयास हरकत नाही.

घरी नीट शिकलेले मूल शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा ओले होऊ लागले तर ते नवल नव्हे. धाकटे भावंड आले किंवा बिऱ्हाड बदलले तरी असे घडते व बहुधा आपोआप निवळते. रात्रीचा कोरडेपणा तर निराळीच बाब आहे. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानीत नाहीत. त्यासाठी रात्रीतून चार वेळा उठवून मुलाची झोपमोड करू नये. मात्र कित्येक महिने कोरडे राहिलेले मूल एकाएकी वारंवार ओले होऊ लागले, लघवीला जळजळ वा ताप आला, किंवा तहान विलक्षण वाढली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. शाळेच्या पिशवीत दोन चड्ड्या, एक जादा सदरा किंवा झगा, आणि ओले कपडे ठेवावयास बंद तोंडाची पिशवी असावी. आणि त्या कपड्यांवर मुलाचे नाव घालावे, कारण पहिल्या पावसात बालवाडीच्या दोरीवर एकाच रंगाच्या वीस चड्ड्या वाळत असतात.