अवकाशातून समुद्राचे तापमान

सागरपृष्ठाचे तापमान म्हणजे समुद्राच्या अगदी वरच्या थराचे तापमान. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे आणि उष्णता, बाष्प व वायू यांची हवेशी होणारी देवघेव याच थरातून चालते. म्हणून मोसमी पावसाचा अंदाज, चक्रीवादळाची ताकद, मासळीचा ठावठिकाणा आणि हवामानबदलाचा वेग या सगळ्यांसाठी हा आकडा लागतो. आज तो मुख्यतः उपग्रहांकडून मिळतो. उपग्रहाला तापमान थेट मोजता येत नाही. समुद्रातून निघणारे प्रारण त्याच्या संवेदकावर पडते आणि त्यावरून तापमान गणिताने काढावे लागते. या विषयाची गोडी आणि अडचण दोन्ही त्या गणितात आहेत.

उपग्रहांपूर्वी हे काम जहाजांकडे होते. समुद्रावरच्या नोंदी सर्व देशांनी एकाच पद्धतीने घ्याव्यात यासाठी १८५३ साली ब्रुसेल्समध्ये परिषद भरली. खलाशी बादलीने पाणी वर ओढत आणि तीत तापमापक बुडवत. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडे गार होई. पुढे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान टिपले जाऊ लागले, ते इंजिनघराच्या उबेने थोडे जास्त भरे. नोंदी जहाजांच्या ठरलेल्या वाटांवर दाट होत्या. दक्षिण महासागराचे विस्तीर्ण भाग जवळजवळ कोरेच राहत.

१९७८ साली सोडलेल्या अमेरिकेच्या टायरॉस-एन उपग्रहावर एव्हीएचआरआर हा संवेदक प्रथम बसवला गेला. १९८१ च्या नोआ-७ वर त्याची पाच पट्ट्यांची सुधारित आवृत्ती आली आणि तिथून सलग, भरवशाच्या नोंदींचा काळ सुरू झाला.

तत्त्व साधे आहे. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकतो. सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या पाण्याचे प्रारण दहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे अवरक्त पट्ट्यात, सर्वाधिक असते. वातावरणही नेमके दहा ते तेरा मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बऱ्यापैकी पारदर्शक आहे. पण बाष्प या पट्ट्यातही थोडे प्रारण शोषते आणि वरच्या थंड हवेतून स्वतःचे कमी प्रारण सोडते. त्यामुळे समुद्र आहे त्याहून गार दिसतो. उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत ही तूट अनेक अंशांची असते.

ही तूट भरून काढण्याची युक्ती सुरेख आहे. बाष्प ११ मायक्रोमीटरपेक्षा १२ मायक्रोमीटरला अधिक शोषते, म्हणून एकाच जागेचे तापमान दोन्ही पट्ट्यांत पाहायचे. समजा, पहिल्या पट्ट्यात २४ अंश दिसले आणि दुसऱ्यात २२. दोन अंशांचा हा फरक वाटेत बाष्प किती होते ते सांगतो. फरकाला सुमारे अडीचने गुणले की पाच येतात. ते २४ मध्ये मिळवले की समुद्राचे तापमान २९ अंश निघते. प्रत्यक्षातल्या सूत्रात उपग्रहाच्या तिरप्या नजरेसाठी आणखी पदे असतात, आणि त्यातले गुणक तरंगत्या बोयांच्या नोंदींशी ताडून किंवा प्रारणाच्या संगणकीय प्रतिकृतींवरून ठरवतात. इनसॅट-३डी, ३डीआर आणि ३डीएस या भारतीय उपग्रहांवरही असे दोन पट्टे आहेत. ३.७ मायक्रोमीटरचा पट्टा याहून संवेदनशील असतो, पण दिवसा परावर्तित ऊन त्यात मिसळत असल्याने तो रात्रीच कामी येतो.

अवरक्त प्रारण पाण्याच्या फक्त वरच्या दहा-वीस मायक्रोमीटरमधून येते; केसाची जाडीही त्याहून जास्त असते. ही समुद्राची त्वचा बाष्पीभवनाने सतत उष्णता गमावते, म्हणून लगतच्या पाण्यापेक्षा साधारण ०.२ अंशाने थंड असते. तरंगता बोया मात्र सुमारे वीस सेंटिमीटर खोलीवरचे तापमान सांगतो. वारा पडलेल्या, कडक उन्हाच्या दुपारी वरचे पाणी खालच्यापेक्षा तीन अंशांनी, क्वचित त्याहूनही जास्त तापते, आणि रात्री हा फरक विरून जातो. म्हणून सागरपृष्ठाचे तापमान म्हटले की कोणत्या खोलीचे आणि कोणत्या वेळचे हे विचारावेच लागते. त्वचेचे, तिच्या लगेच खालचे आणि दिवसाच्या तापण्याचा परिणाम वगळलेले पायाभूत तापमान असे भेद शास्त्रज्ञांनी केले आहेत ते यासाठीच. ते न पाळता दोन आकड्यांची तुलना केली, तर नसलेली तापमानवाढ दिसू शकते किंवा असलेली झाकली जाऊ शकते.

अवरक्त पद्धतीचा मोठा शत्रू ढग. दाट ढग ओळखणे सोपे असते. विरळ सिरस आणि समुद्रालगतचे खालचे ढग फसवतात. त्यांच्यातून आलेले प्रारण समुद्राचे मानले गेले तर तापमान उगाच कमी निघते. जून-जुलैमध्ये अरबी समुद्रावर पसरणारी वाळवंटी धूळही हेच करते. सर्वात मोठा धडा १९९१ साली मिळाला. जूनमध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब स्थितांबरात पसरले आणि उष्ण कटिबंधातले उपग्रहीय तापमान एक अंशाहून अधिक कमी दिसू लागले. समुद्र तेवढा थंड झालेलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहावरून एटीएसआर हा संवेदक वर गेला. तो एकच जागा आधी पुढे तिरपे आणि काही क्षणांनी सरळ खाली बघत असे. तिरप्या नजरेच्या वाटेत हवा जास्त येते. दोन्ही दृश्यांच्या फरकातून धूलिकण आणि बाष्प दोन्हींचा हिशेब लागतो. आजच्या सेंटिनेल-३ उपग्रहांवर त्याच घराण्यातले संवेदक आहेत.

भारतासाठी मात्र खरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ढगांखाली असतात, आणि नेमके तेव्हाच तापमान कळणे सर्वात गरजेचे असते. इथे सूक्ष्मलहरी कामाला येतात. सात ते अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासचे प्रारण ढगांतून पार होते; जोराचा पाऊस मात्र त्यालाही अडवतो. ढगांपलीकडे पाहण्याची किंमतही मोजावी लागते. अवरक्त संवेदक एक किलोमीटरपर्यंतचा तपशील दाखवतात, सूक्ष्मलहरींच्या चित्रातला एकेक ठिपका कित्येक दहा किलोमीटरांचा असतो. शिवाय जमिनीचे प्रारण मिसळत असल्याने किनाऱ्यालगतचा पट्टा सोडून द्यावा लागतो. कोकणच्या मच्छीमाराला हवा असतो तो नेमका हाच पट्टा.

भारताने १९९९ मध्ये ओशनसॅट-१ वर ६.६ गिगाहर्ट्झचा पट्टा असलेला सूक्ष्मलहरी संवेदक बसवला होता. त्याआधी, १९९७ च्या अखेरीस गेलेल्या जपान-अमेरिकेच्या टीआरएमएम उपग्रहावरच्या अशाच संवेदकाने मोसमी समुद्राचे चित्र बदलून टाकले. पावसाळ्यात बंगालचा उपसागर काही आठवड्यांच्या फेऱ्यांत एक-दोन अंशांनी तापतो आणि निवतो, हे त्याच्या नोंदींत स्वच्छ दिसले. पावसाचा खंड पडला की ऊन पाणी तापवते. पाऊस परतला की ढगांची सावली आणि जोरदार वारे ते निववतात. अवरक्त नोंदींत हे चढउतार दबलेले राहत, कारण थंडाव्याचे दिवस ढगांखाली झाकले जात.

उपयोगांत पहिला मान पावसाचा. १९८४ साली सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की समुद्राचे तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले की त्यावर संघटित ढगसमूह उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. त्यापुढे पाणी आणखी तापले म्हणून ढग त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. म्हणजे २७.५ की २८.५ हा एका अंशाचा भेद निर्णायक ठरतो, आणि मापनातली अर्ध्या अंशाची चूकही परवडत नाही. चक्रीवादळांसाठी साधारण २६.५ अंशांचा उंबरठा सांगितला जातो. मे महिन्यात अरबी समुद्र त्याच्या बराच वर असतो. वादळ पुढे सरकले की घुसळलेल्या थंड पाण्याचा पट्टा त्याच्या मागे उपग्रहचित्रात दिसतो.

मासेमारीचा उपयोग अगदी हाताशी आहे. गार आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते, तिथे पोषकद्रव्ये व प्लवक जमतात आणि त्यांच्यामागे तारली, बांगड्यासारखी मासळी येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून अशा सीमारेषा शोधते आणि संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना मराठीसह किनारी भाषांत देते. तीत मासळी उतरवण्याच्या बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. होडी किती लांब न्यायची आणि डिझेल किती लागेल याचा अंदाज तांडेलाला त्यावरून बांधता येतो. आकाश ढगाळ असले की या सूचनेत खंड पडतो.

प्रवाळांसाठीही हीच माहिती लागते. एखाद्या जागेच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा तापमान एक अंशाने वर जाऊन टिकले, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये घडले.

हवामानबदलासाठी दशकाला अंशाचा लहानसा भागही ओळखावा लागतो; त्यासाठी अनेक दशकांच्या सलग नोंदी हव्यात, आणि एकही उपग्रह तेवढा काळ टिकत नाही. कक्षा सरकते, संवेदक झिजतो. म्हणून जुना चालू असतानाच नवा वर जावा आणि दोघांनी काही काळ एकच समुद्र पाहावा, तरच दोन मालिका जोडता येतात. अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या एएमएसआर-ई या सूक्ष्मलहरी संवेदकाची फिरती अँटेना ऑक्टोबर २०११ मध्ये थांबली, आणि त्याचा वारस एएमएसआर-२ मे २०१२ मध्ये वर गेला. मधला सांधा जुळवण्यासाठी डिसेंबर २०१२ मध्ये जुनी अँटेना पुन्हा सुरू करण्यात आली. पूर्वी मिनिटाला चाळीस फेरे घेणारी ती अँटेना आता दोनच फेरे घेत होती, पण दोन्ही संवेदकांच्या नोंदी ताडून पाहण्यासाठी तेवढे पुरेसे होते.