सातपुड्यातील मृतकस्तंभ

बऱ्हाणपूर जिल्ह्यात खकनार व नेपानगरच्या बाजूस, तसेच लगतच्या मेळघाटात सेवा करणाऱ्या पाळकांस व धर्मशिक्षकांस कोरकूंचे कोरीव लाकडी मृतकस्तंभ परिचयाचे असतील. पुष्कळदा आपण त्यांस ‘मूर्ती’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द येथे कितपत लागू पडतो, हे पाहिले पाहिजे.

कोरकू आपल्या मृतास पुरतात. परंतु तेवढ्याने त्याचा निरोप पूर्ण होत नाही. ‘सिडोली’ हा विधी होईपर्यंत मृताचा आत्मा पूर्वजांत मिसळत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. विधी खर्चाचा असल्याने तो कित्येक वर्षे लांबतो. त्या वेळी सागवानी फळीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरून ती उभारतात. स्तंभ मृताच्या नावाने उभा राहतो, देवाच्या नावाने नव्हे. राहेलीच्या कबरेवर याकोबाने उभारलेला स्तंभ (उत्पत्ती ३५:२०) येथे आठवावा. मात्र साम्य तेथेच थांबते; कारण सिडोलीत बळी दिला जातो, आणि आत्म्याची गती विधीवर अवलंबून मानली जाते. धर्मशिक्षणाचा खरा विषय हा आहे, लाकूड नव्हे.

लाकडावरच प्रहार केल्याने काय होते, याचे उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तेथील क्वाक्वकवाक्व लोक रेड सीडरच्या लाकडाचे मुखवटे कोरतात. काही मुखवटे दोरी ओढताच उघडतात व पशूच्या मुखातून मनुष्याचा चेहरा प्रकट होतो; कुळाचा मूळपुरुष प्राणिरूपाने आला, ही कथा त्यातून सांगितली जाते. ज्या ‘पॉटलॅच’ समारंभात ते नाचवीत, त्यावर १८८५ पासून कायद्याने बंदी आली. ती यावी म्हणून मिशनऱ्यांनीही आग्रह धरला होता, हे आपणांस मान्य केले पाहिजे. १९२१ च्या नाताळात डॅन क्रॅनमर यांनी केलेल्या समारंभानंतर अनेकांस अटक झाली, काहींस तुरुंगवास घडला आणि मुखवटे सरकारजमा होऊन संग्रहालयांत गेले. १९५१ साली बंदी कायद्यातून वगळली गेली. परत मिळालेल्या वस्तूंसाठी १९८० मध्ये अलर्ट बे येथे ‘उमिस्टा’ केंद्र उघडले. मुखवटे गेले तरी श्रद्धा गेली नव्हती; फक्त चर्चविषयी कटुता वाढली.

आपल्याकडे निराळा मार्गही दिसतो. निमाडात दीर्घकाळ राहिलेले ऑस्ट्रियन धर्मगुरू स्टीफन फुक्स यांनी आधी लोकजीवन अभ्यासले. कोरकूंवरील त्यांचा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न प्रत्यक्षात असा उभा राहतो : थोरल्या मुलाने बाप्तिस्मा घेतला आहे, बापाची सिडोली व्हायची आहे, आणि भाऊ वर्गणी मागतात. त्याने फळीचा खर्च उचलावा काय? उचलला, तर बळीच्या जेवणास बसावे काय? माझ्या मते पहिले करण्यास हरकत नसावी. दुसऱ्याविषयी त्या कुटुंबाबरोबर बसून १ करिंथ, अध्याय ८ व १० वाचावे, आणि तेही भावांकडून निमंत्रण येण्यापूर्वीच.