गोरेगावच्या प्रभागाचे चरित्र

लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकांचा इतिहास लिहिणारास मतदारसंघाचे नाव तरी दीर्घकाळ स्थिर सापडते. परंतु महानगराच्या उपनगरातील एखाद्या प्रभागाचा असा इतिहास लिहू जाणाऱ्यापुढे पहिलीच अडचण ही उभी राहते, की ज्याचे चरित्र लिहावयाचे तो प्रभागच दर काही वर्षांनी आपला क्रमांक, आपल्या सीमा आणि आपली माणसे बदलीत असतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील गोरेगावाचे उदाहरण या दृष्टीने फार बोधक आहे.

साष्टी बेटावरील बोरिवली तालुक्यातले हे गाव. भूमापनाच्या दप्तरात त्याच्या जोडीला आजही ‘पहाडी’ हे नाव नांदते. 1950 साली मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी-घाटकोपरच्या बाजूस सरकली, तेव्हा गोरेगाव बाहेरच राहिले आणि आपला कारभार ग्रामपंचायतीमार्फत पाहत राहिले. 1 फेब्रुवारी 1957 रोजी हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गाव एका हुकुमासरशी शहर झाले. गाव शहर झाले म्हणजे पट्टी शहराची लागू झाली, सोयी मात्र सावकाश येत राहिल्या. मुंबई शहराला नळाने पाणी पुरविण्यासाठी 1860 साली पूर्ण झालेला विहार तलाव गोरेगावाच्या पूर्वेस, आरेच्या टेकड्यांपलीकडे, हाकेच्या म्हणाव्या इतक्या अंतरावर आहे. त्याचे पाणी जवळच्या गावांना बगल देऊन दक्षिणेकडे शहरात जात राहिले आणि गावकऱ्यांची भिस्त विहिरींवर राहिली. गोरेगावातील पुढच्या अनेक निवडणुकांचे बीज मला तरी या विसंगतीत दिसते.

मताचा हक्कही गोरेगावास आयताच मिळाला. 1888 च्या कायद्याखाली मुंबईत पट्टी भरणारे मूठभर लोक मतदार होते. 1922 मध्ये काही भाडेकरू त्यात आले. आणि सरसकट प्रौढ मतदानाने निवडणूक झाली ती 1948 साली. सुधारणेचे हे सारे टप्पे शहराने ओलांडून झाल्यावर गोरेगाव त्यात सामील झाले. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा भर होता आणि त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका काँग्रेसच्या हातून काढून घेतली. अशा प्रक्षुब्ध काळात गटाराची आणि पायवाटेची भाषा कोणाला ऐकू जाणार?

ती ऐकू गेली पुढच्या निवडणुकीत. मृणाल गोरे यांनी राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले होते आणि पती केशव गोरे यांच्यासह त्या ग्रामपंचायतीच्या दिवसांपासून गोरेगावात काम करीत होत्या. 1958 मध्ये केशवरावांचे अकाली निधन झाले. पदरी लहान मुलगी असलेल्या या तरुण विधवेने 1961 साली प्रजा समाजवादी पक्षातर्फे महापालिकेची निवडणूक लढविली आणि जिंकली. सभागृहात गेल्यावर त्यांनी जो प्रश्न धरला तो पाण्याचा. आज कोणत्याही पक्षाचा उमेदवार नळजोडणीचे आश्वासन सहज देऊन जातो. त्या काळी मात्र नगरसेवकाने आयुक्तांच्या दालनाबाहेर रिकामे हंडे घेतलेल्या बायका उभ्या करणे, जलवाहिनी कोणत्या रस्त्याने यावी आणि कोणत्या वस्तीत सार्वजनिक नळ बसावा याचा अधिकाऱ्यांशी तपशीलवार कज्जा करणे, हे शिष्टसंमत राजकारण मानले जात नव्हते. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणावयास प्रारंभ केला. 1977 मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. एका उपनगरी प्रभागातल्या नळाच्या भांडणातून आलेले बिरुद राष्ट्रीय निवडणुकीच्या घोषणेत जाऊन बसले, हा योग आपल्या राजकारणात विरळाच.

1968 साली महापालिकेच्या 140 जागांपैकी 42 जागा शिवसेनेने जिंकल्या आणि तेव्हा तिचा सोबती होता प्रजा समाजवादी पक्ष! नंतरच्या काळात हे दोन प्रवाह परस्परांपासून इतके दूर गेले, की आजच्या तरुण वाचकास ही युती दंतकथा वाटावी. शाखेचा फलक, वाचनालय, रुग्णवाहिका आणि रात्री-अपरात्री धावून येणारा शाखाप्रमुख ही शिवसेनेची यंत्रणा उपनगरांतील मराठी चाळींतून व गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतून मुळे धरू लागली. 1985 मध्ये शिवसेनेच्या हाती महापालिका आली. समाजवाद्यांचा लोकसंपर्क शिवसेनेने अधिक शिस्तीने चालविला असे मला वाटते. यावर समाजवादी मित्र रागावतील, हेही ठाऊक आहे.

मधल्या काळात नकाशा पालटतच होता. जागा 140 वरून 170, 1992 साली 221 आणि 2002 साली 227 झाल्या. डोंगराकडील दिंडोशीच्या बाजूस नागरी निवारा परिषदेने मध्यमवर्गीयांसाठी हजारो घरे उभारली, झोपड्यांच्या जागी मनोरे आले, आणि पूर्वी एका नगरसेवकाचे असलेले गोरेगाव अनेकांत विभागले गेले. जनगणनेच्या लोकसंख्येवरून सीमा आखतात, आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवितात, मग तो कायम करतात. क्रमांक दहिसरला 1 पासून सुरू होऊन कुलाब्याला 227 वर संपतात. 2021 मध्ये ही संख्या 236 करण्याचे ठरले आणि 2022 मध्ये राज्यातील सत्तापालटानंतर पुन्हा 227 झाली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सभागृहाची मुदत संपली होती; पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 रोजी. तोवर प्रशासकाचा अंमल होता आणि तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जावयाचे ते कोणाकडे, हे गोरेगावकरास धड उमगत नव्हते.

सीमेइतकेच निर्णायक ठरते ते आरक्षण. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखून 1992 ची निवडणूक झाली आणि 2012 पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. नोव्हेंबर 2025 च्या सोडतीत 227 पैकी 114 जागा स्त्रियांच्या वाट्यास आल्या. सोडतीचा देखावा पाहण्यासारखा असतो. सभागृह इच्छुकांनी भरलेले, मंचावर शाळकरी मुले पारदर्शक पात्रातून चिठ्ठ्या काढताहेत, आणि एकेका क्रमांकाच्या उच्चारासरशी कोणाची पाच वर्षांची मशागत पाण्यात जाते, तर कोणी मोबाइलवर बायकोला वार्ता देतो. काम चांगले केले म्हणून फेरनिवड करावी किंवा वाईट केले म्हणून घरी बसवावे, हा मतदाराचा साधा अधिकार अशा वेळी सोडतीच्या स्वाधीन होतो, हा आक्षेप रास्त आहे. स्त्री-राखीव प्रभागातील फलकांवर उमेदवार बाईंपेक्षा पतिराजांची छबी मोठी असते, हेही खोटे नाही.

परंतु 1961 मध्ये सभागृहात ज्या तुरळक स्त्रिया होत्या, त्यांच्या जागी निम्मे सभागृह स्त्रियांचे होणे केवळ पक्षांच्या सदिच्छेने घडले असते, असे पक्षांच्या उमेदवाऱ्यांच्या याद्या पाहिलेला कोणी म्हणणार नाही. आणि महापालिकेतून विधानसभेपर्यंत गेलेल्या स्त्रियांची उदाहरणे गोरेगावातच आहेत. गोरेगाव विधानसभा मतदारसंघातून 1985 साली मृणाल गोरे निवडून आल्या होत्या. 1990 मध्ये तो शिवसेनेच्या सुभाष देसाई यांनी जिंकला. आणि 2014 साली देसाईंचा पराभव केला तो भाजपच्या विद्या ठाकूर यांनी, ज्या नगरसेविका आणि मुंबईच्या उपमहापौर राहून चुकल्या होत्या.