‘कर’ असला, तरी डर कशाला?

फेब्रुवारी सरत आला की बँकेच्या खिडक्यांवर एक ओळखीची लगबग सुरू होते. कुणाला पाच वर्षांची करबचत ठेव हवी असते, कुणाला पीपीएफ खात्यात घाईने रक्कम भरायची असते, तर कुणी हप्ता किती वर्षे भरावा लागेल हे न विचारताच विमा पॉलिसी घेऊन मोकळा होतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. आता तर ती विहीर आपल्याला उपयोगी आहे की नाही, हेही आधी पाहावे लागते. कारण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली असून तीत कलम ८०सी ची १,५०,००० रुपयांची वजावट मिळत नाही.

आधी प्रणाली, मग गुंतवणूक

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असून त्यापुढे प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, तर २४ लाखांवरील उत्पन्नावर ३० टक्के दर आहे.

एक उदाहरण घेऊ. वार्षिक वेतन १५ लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १४,२५,००० रुपये उरते आणि ४ टक्के उपकरासह कर ९७,५०० रुपये होतो. हीच व्यक्ती जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीबरोबर ८०सी चे १,५०,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,०००, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० रुपये अशा वजावटी घेते असे मानू. तरीही कर १,२४,८०० रुपये येतो. म्हणजे एवढी गुंतवणूक करूनही २७,३०० रुपये अधिक! या वेतनावर जुनी प्रणाली फायद्याची ठरण्यासाठी प्रमाणित वजावटीखेरीज ५,४३,७५० रुपयांहून अधिक वजावटी हव्यात. घरभाडे भत्त्याची मोठी सूट मिळणाऱ्यांनाच हे सहसा साधते.

याचा अर्थ बचत करू नये असा मुळीच नाही. विमा कुटुंबाच्या संरक्षणासाठी घ्यावा आणि पीपीएफ वृद्धापकाळासाठी. करसवलत हा त्यावरचा प्रसाद समजावा. नोकरदाराला दरवर्षी प्रणाली निवडता येते. व्यावसायिकाने मात्र जुनी प्रणाली एकदा स्वीकारून सोडली, की व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत तिच्याकडे पुन्हा वळता येत नाही. म्हणून हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’: अर्धे सत्य

हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. पण १२ लाखांपर्यंतचा कर मुळात आकारला जातो आणि मग ६०,००० रुपयांपर्यंतच्या करसवलतीने तो शून्यावर येतो. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरणे आवश्यकच आहे. शिवाय शेअर विक्रीच्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला ही सवलत लागू होत नाही.

ठेवींच्या व्याजाबाबतही असाच गैरसमज आढळतो. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या व्याजावरील टीडीएसची मर्यादा ५०,००० रुपये, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपये झाली. मर्यादेच्या आतील व्याजावर कपात होत नाही. परंतु ते व्याज करमुक्त नसते. तसेच १० टक्के कपात झाली म्हणजे कर भरून संपला असे नाही. ३० टक्के दराच्या करदात्याने उरलेला कर स्वतः भरायचा असतो. एकूण उत्पन्नावरील कर शून्य येत असेल, तरच कपात न करण्याचे स्वयंघोषणापत्र बँकेकडे द्यावे.

लहान व्यावसायिकांसाठी

उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ३ कोटींपर्यंत) असलेल्या व्यावसायिकाला अनुमानित उत्पन्नाची सोपी पद्धत स्वीकारता येते. रोख विक्रीवर किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरला जातो. समजा, एका किराणा दुकानाची उलाढाल ९० लाख आहे. सारी रोखीत असल्यास नफा ७,२०,००० रुपये मानला जाईल. त्यातले ७० लाख बँकेमार्फत आले, तर ५,८०,०००. दलाली वा कमिशनच्या उत्पन्नाला मात्र ही पद्धत लागू नाही.

याखेरीज काही पथ्ये पाळावीत:

१. घरखर्च आणि व्यवसाय यांची खाती वेगळी ठेवावीत.

२. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सर्वसाधारणपणे वजावटीस पात्र ठरत नाही. २ लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारणे टाळावे. त्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

३. उत्पादक आणि सेवा पुरवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांनी ‘उद्यम’ नोंदणी जरूर करावी. खरेदीदाराने अशा उद्योगाचे बिल, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, चुकते केले नाही, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच त्याला वजावट मिळते. अडकलेली येणी सोडवण्यास ही तरतूद उपयोगी पडते.

४. जीएसटी विवरणपत्रातील आणि आयकर विवरणपत्रातील उलाढाल जुळवून पाहावी.

तारखा लक्षात ठेवा

वर्षाचा देय कर १०,००० रुपये वा अधिक असल्यास आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण कर भरावा. अनुमानित पद्धत स्वीकारणाऱ्यांना १५ मार्च ही एकच तारीख आहे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे.

विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण अवश्य पाहावे. बँक व्याज, लाभांश, शेअर विक्री यांची नोंद तेथे आधीच झालेली असते. भरल्यानंतर ३० दिवसांत पडताळणी करण्यास विसरू नये. अन्यथा सारे श्रम वाया जातात. आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात ‘करवर्ष’ ही एकच सुटसुटीत संज्ञा आहे. कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. म्हणून जुनी टिपणे तपासून घ्यावीत आणि गुंतागुंतीच्या बाबतीत सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

आपले पूर्वज व्यापारी दिवाळीला वहीपूजन करीत, कारण हिशेब चोख तर व्यवहार चोख ही त्यांची श्रद्धा होती. वहीची जागा आज संगणकाने घेतली असली, तरी ही शिकवण जुनी झालेली नाही. एप्रिलपासूनच दरमहा एक तास हिशेबासाठी राखून ठेवला, तर मार्च महिना निश्चितच निर्धास्त जाईल.