स्वदेशी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वीजपारेषणाचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय मिशन’साठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यात संगणनक्षमतेवर मोठा भर आहे. मात्र ही यंत्रे अखंड विजेवर चालतात, ही बाब धोरणचर्चेत गौण ठरते. देशातील डेटा सेंटर्स मुख्यतः मुंबई-नवी मुंबई परिसरात एकवटली आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील पारेषण यंत्रणेच्या बिघाडाने याच महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला. निर्मितीपेक्षा वहनाची मर्यादा तेव्हा उघडी पडली. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडले. डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभे राहते. वाहिनी मात्र भूसंपादन व वनपरवानग्यांत रखडते. शिवाय सौरवीज दिवसाच मिळते, डेटा सेंटरचा भार रात्रीही उतरत नाही.