किल्ली कोणाकडे? क्लाउडमधल्या कुलपांविषयी

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस क्लाउडच्या कुलपांवर काय बोलणार? पण आमच्या विषयात पहिला धडा असतो तो प्रश्न नीट विचारण्याचा, आणि या बाबतीतला बराचसा गोंधळ चुकीच्या प्रश्नातून होतो. लोक विचारतात, "आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे ना?" उत्तर मिळतं "हो", आणि सगळे निर्धास्त होतात. विचारायला हवं ते हे: किल्ली कोणाकडे आहे, आणि ती वापरायची परवानगी कोण देतं?

हवेत बोलणं नको म्हणून एकच उदाहरण धरू. ॲमेझॉनची 'एस३' ही साठवणुकीची सेवा २००६ साली सुरू झाली. तिच्यात फाइली ठेवायच्या जागेला 'बकेट' म्हणतात. समजा, एका पॅथॉलॉजी लॅबनं रुग्णांचे रिपोर्ट अशा बकेटमध्ये ठेवलेत. कोणाला मधुमेह आहे, कोणाला आणखी काय आहे, सगळं त्यात आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाचं सोडा. रिपोर्ट भलत्याच्या हाती पडला तर तो परत घेता येत नाही, खरी अडचण तिथे आहे.

आता 'सर्व्हर-साइड एन्क्रिप्शन' म्हणजे काय? फाइल ॲमेझॉनच्या सर्व्हरवर पोचली की तो सर्व्हर तिला कुलूप लावून मग डिस्कवर लिहितो. आपण मागितली की कुलूप काढून देतो. लावणं-काढणं सगळं त्यांच्या घरात चालतं. पद्धत असते एईएस-२५६. योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांच्या रचनेवरून अमेरिकेनं २००१ साली ते प्रमाण ठरवलं. ही पद्धत छापील आहे, कोणीही वाचावी. १८८३ साली ऑगस्ट केरखॉफ्स या भाषांच्या अध्यापकानं लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना सांगून ठेवलंय, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती किल्ली. म्हणजे आपला प्रश्न १४० वर्षांपूर्वीच नीट मांडला गेला होता.

एस३ मध्ये या प्रश्नाची मुख्य उत्तरं तीन. पहिलं: किल्ली सर्वस्वी ॲमेझॉनकडे. ५ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नव्या फाइलला हे कुलूप आपोआप लागतं, वेगळे पैसे पडत नाहीत. छान आहे. पण ते कशापासून वाचवतं बघा. उद्या कोणी डेटा सेंटरमधून डिस्क पळवली तर त्याच्या हाती कचरा लागेल. मात्र लॅबनं चुकून बकेट सगळ्या जगाला वाचायला खुली ठेवली, तर सर्व्हर मागणाऱ्या प्रत्येकाला इमानदारीत कुलूप काढून रिपोर्ट देईल! कारण परवानगी आहे की नाही एवढंच तो बघतो. "एन्क्रिप्टेड आहे ना?" याचं उत्तर इथेही "हो"च आहे.

दुसरं उत्तर: किल्ली 'केएमएस' या वेगळ्या सेवेत ठेवायची, आणि तिचे नियम आपण लिहायचे. बँकेतलं लॉकर आठवा. तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही लागल्याशिवाय ते उघडत नाही. इथेही रिपोर्ट वाचणाऱ्याला फाइल वाचायची एक आणि किल्ली वापरायची दुसरी, अशा दोन परवानग्या लागतात. बकेट चुकून खुली राहिली तरी अनोळखी माणूस दुसऱ्या दारावर अडतो. शिवाय किल्ली कोणी, केव्हा वापरली याची नोंद राहते.

तिसरं: किल्ली आपणच सांभाळायची आणि फाइल ठेवताना-काढताना दर वेळी बरोबर पाठवायची. ॲमेझॉन ती साठवत नाही. किल्ली हरवली तर फाइल गेली, कोणाकडे दाद मागायची सोय नाही. हेच शस्त्र उलटंही फिरतं. २०२५ च्या जानेवारीत 'कोडफिंगर' नावानं ओळखल्या गेलेल्या खंडणीखोरांची पद्धत उघड झाली. लोकांच्या खात्यांचे फुटलेले पासवर्डसारखे तपशील वापरून त्यांनी फाइलींना स्वतःच्या किल्लीनं हे तिसऱ्या प्रकारचं कुलूप लावलं आणि पैसे मागितले. एन्क्रिप्शन अगदी निर्दोष होतं; किल्ली भलत्याकडे होती, इतकंच.

मग या सगळ्यात कोड कुठे येतो? ही व्यवस्था वेबसाइटवर बटणं दाबूनही करता येते. पण बटण दाबलं हे कोणाला कळतं? का दाबलं, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? त्याऐवजी 'टेराफॉर्म'सारख्या साधनात आपण लिहून ठेवतो: ही बकेट, हिचं कुलूप केएमएसचं, किल्ली अमुक. आता तो निर्णय चार माणसांना वाचता येतो, बदलण्याआधी त्यावर हरकत घेता येते, दहा बकेटना तोच नियम लावता येतो. मनातला हेतू उघड विधान झाला, आणि विधान तपासता येतं.

मात्र तीन गोष्टी गाठीला बांधा.

एक, नाम आणि नामी यांतला भेद. कोडमध्ये किल्लीचं नाव लिहायचं, किल्ली नव्हे. केएमएसच्या बाबतीत हे आपसूक होतं, कारण मूळ किल्ली त्या सेवेतून आपल्या हाती येतच नाही. आपण फक्त तिचा पत्ता लिहितो. तिसऱ्या प्रकारात मात्र किल्ली आपल्या हातात असते, म्हणून ती कोडमध्ये चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळा. टेराफॉर्म स्वतःची जी 'स्टेट' फाइल ठेवतं, तिच्यातही गुपितं उघड्या अक्षरांत उतरू शकतात.

दोन, नियम पुढच्यासाठी असतो. आज बकेटचं कुलूप बदललं तरी कालच्या फाइली जुन्याच कुलपात राहतात. त्या पुन्हा त्याच जागी कॉपी केल्या, की नवं कुलूप लागतं. आणि फाइल पाठवणारा आपल्या विनंतीत वेगळं कुलूप मागू शकतो. म्हणून ठरलेल्या किल्लीशिवाय आलेली फाइल नाकारा, असा स्वतंत्र नियम बकेटवर लिहावा लागतो. कोडफिंगरची वाटही त्यानं अडते.

तीन, आणि ही सगळ्यात जड. किल्ली कोडनं निर्माण होते, तशी कोडनं नष्टही होते. कोणी फाइल नीटनेटकी करताना किल्लीच्या चार ओळी पुसल्या आणि बदल लागू केला, तर किल्ली नष्ट होण्याच्या रांगेत लागते. केएमएस ७ ते ३० दिवस थांबतं. तेवढ्यात लक्षात आलं तर रद्द करता येतं. नंतर त्या किल्लीखालचा प्रत्येक रिपोर्ट कायमचा मुका. टेराफॉर्ममध्ये 'नष्ट करू नये' अशी सूचना लिहिता येते, पण तीही त्याच ओळींमध्ये असते; ओळी पुसल्या की सूचनाही पुसली जाते! तेव्हा बंदी किल्लीच्या नियमांत हवी: कोड चालवणाऱ्या खात्याला किल्ली नष्ट करायचा अधिकारच द्यायचा नाही. तो दुसऱ्या माणसाकडे.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न आलाय, "सर, म्हणजे ॲमेझॉनवर विश्वास ठेवायचा की नाही?" सर्व्हर-साइड म्हटलं की उघडण्याच्या क्षणी मजकूर त्यांच्या यंत्रात उघडा असतो. तेवढाही विश्वास नको असेल तर पाठवण्याआधी आपल्याच संगणकावर कुलूप लावायचं. तो वेगळा मार्ग, आणि त्यात किल्ली सांभाळायचं ओझंही आपलंच. विश्वासाशिवाय व्यवहार होत नाही. पण कोणावर, किती आणि कशासाठी विश्वास ठेवलाय, हे लिहून ठेवता येतं. त्या लॅबच्या कोडमध्ये हे ज्या ओळींत लिहिलंय, त्या तंत्रज्ञाबरोबर मालकानंही एकदा बसून वाचाव्यात. रिपोर्ट ज्यांचे आहेत, ते रुग्ण काही त्या वाचायला येणार नाहीत.