मुलाबरोबर कोर्टाची पायरी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि खोडव्याचे पाचट यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे, वकील नव्हे. पण गेल्या हंगामात एका सभासदाच्या घरी जे पाहिले, ते उसाच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे वाटले. सभासदाची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता लिहीत आहोत.

झाले असे. सभासदाचा आडसाली ऊस तोडीला आला होता. पाळी आली आणि टोळी शेजारच्या शिवारात गेली. मुलगा बारावीत, वय सतरा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने चिटबॉयला विचारले, "आमची पाळी कुणी खाल्ली?" समोरून टोमणा आला. याने उलट लिहिले. मग दोन्हीकडचे चारजण पडले आणि रात्री अकराला पोराने लिहून टाकले, "शिवारात दिसलास तर हातपाय मोडीन." सकाळी चिटबॉय फोन घेऊन पोलीस ठाण्यात गेला.

वडील गट कार्यालयात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "साहेब, पोरानं घराचं नाव घालवलं. रात्री मारला, फोन आपटला. आता बाहेर काढणार होतो." आम्ही म्हणालो, "आबा, आधी पाणी प्या. पोरगा कुठं आहे?" तर म्हणाले, "मळ्यात, एकटाच बसलाय. जेवला नाही."

आम्ही आधी मळ्यात गेलो. सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आपल्या मळ्यात विहीर असते, खोपीत तणनाशकाचे डबे असतात. शरमेने मान खाली घातलेल्या पोराला अशा जागी एकटे ठेवू नये. डबे कुलपात ठेवावेत, रात्री कोणीतरी शेजारी झोपावे. कोर्टाची तारीख पुढे ढकलता येते, गेलेला मुलगा परत आणता येत नाही.

कायदा काय सांगतो

घरातल्यांना वाटत होते की पोराला आता बेड्या पडणार. तसे नसते. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण नेहमीच्या कोर्टात न चालता बाल न्याय मंडळापुढे चालते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी निदान एक महिला असते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलेच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचीच भेट मागावी. आणि मुलाचे नाव किंवा फोटो छापणे, पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून ग्रुपवर "अमक्याच्या पोरावर केस झाली" असे लिहिणारांनीही जपून राहावे.

मुलगा अठराच्या वरचा असेल तर मात्र नेहमीचे कोर्ट. तरी सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसल्यास पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस आली म्हणजे अटक झाली असे नव्हे. पण ती पेटीत टाकून देऊ नये. दिलेल्या दिवशी हजर राहावे.

दुसरी गोष्ट. "फोनवर काही लिहिले की जेल" हा समजही पुरता खरा नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द झाले. तेव्हा नुसते बोचरे लिहिले म्हणून ते कलम लागत नाही. पण धमकी ही धमकीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ तिच्यासाठी आहे आणि हातपाय मोडण्यासारख्या धमकीला शिक्षा वाढते. पाळीबद्दल विचारणे हा सभासदाचा हक्क होता. शेवटची ओळ मात्र हक्कात बसत नव्हती.

आम्ही काय केले

पहिले, पोराकडून सगळे ऐकून घेतले. वडिलांना मध्ये बोलू दिले नाही. तासाभराने तो म्हणाला, "काका, मी तसं करणार नव्हतो. सगळे बघत होते म्हणून लिहिलं."

दुसरे, ग्रुपमधले काहीही पुसू दिले नाही. पुसले म्हणजे लपवले असे दिसते. शिवाय समोरच्याने आधी काय लिहिले, तेही जाते. फुटलेला फोन होता तसा पिशवीत ठेवला.

तिसरे, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला काढला. सारे प्रकरण वयावर उभे असते.

चौथे, तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्याने बालकांना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. वकीलबाईंनी बजावले की फिर्यादीच्या घरी चारजण घेऊन समजूत काढायला जाऊ नका, त्याचा दबाव असा अर्थ होतो.

पाचवे, कॉलेज बंद पडू दिले नाही.

आणि एक काम आमचे स्वतःचे होते. आम्ही लागण नोंदीचे रजिस्टर आणि तोडणी कार्यक्रम ताडून पाहिला. पाळी खरोखरच चुकली होती. चिटबॉयने पैसे खाल्ले नव्हते; नोंदीत तारीख चुकीची चढली होती आणि ती चूक आमच्या खात्याची होती. आम्ही ती लेखी कबूल केली, दुरुस्त केली. हे काम पोराने पहिला प्रश्न विचारला त्याच दिवशी झाले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. ही गोष्ट आम्हाला अजून बोचते.

तारखेच्या दिवशी

तारखेला वडील बरोबर आले. वाटेत एस.टी.त बापलेक बोलले नाहीत. मंडळाच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर वडिलांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी पोराच्या हातात दिली. मुलगा तिथे पहिल्यांदा रडला.

आत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, "लिहिलं ते चुकलं." चिटबॉयनेही, आता तक्रार राहिली नाही, असे सांगितले. मंडळाने समज दिली, समुपदेशनाला पाठवले आणि मुलाला वडिलांच्या हवाली केले. अशा प्रकरणाचा डाग पुढे नोकरीच्या आड येऊ नये, अशीही तरतूद कायद्यात आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. खरे आहे. पण पोराला चढावी लागलीच, तर त्याला एकट्याला चढू देऊ नये. चूक असेल तर चूक म्हणावे, पण त्याच्या शेजारी उभे राहून म्हणावे.

जाता जाता विनंती. पाळीबाबत तक्रार असल्यास ग्रुपवर न लिहिता गट कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आम्ही उत्तर द्यावयास बांधील आहोत. तरुण सभासद-पुत्रांनी लिहिले तरी चालेल. प्रश्न विचारणाऱ्या पोरांची आम्हाला गरजच आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी